भट्टीची साक्ष

ऊसतोडणीच्या हंगामात पंचगंगेकाठच्या एखाद्या गुऱ्हाळावर जो कोणी पहाटेच्या वेळी उभा राहिला असेल, त्याला गुळव्याच्या विद्येचे दर्शन घडल्यावाचून राहिले नसेल. चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत असतो, काहिलीतला रस आटत आटत तांबूस पाकाचे रूप धारण करतो, आणि मग एका क्षणी गुळव्या त्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, दोन बोटांत त्याची गोळी वळून पाहतो आणि काहील उतरविण्याचा हुकूम देतो. तो क्षण सुमारे ११८ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. परंतु तो चुकला तर ढेप एकतर धरत नाही, नाहीतर करपून काळवंडते, हे मात्र त्याला पिढीजात अनुभवाने पुरते ठाऊक असते. त्याचे तापमापक म्हणजे त्याची बोटे, आणि त्या बोटांची परीक्षा दर काहिलीला, दर ढेपेला, बाजारात उघड्यावर होत असते.

त्याच नदीकाठच्या करवीर नगरीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, आसमंतात, शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींपर्यंत, शेकडो ओतशाळा आज लोखंड वितळवून मोटारींचे, ट्रॅक्टरांचे आणि पंपांचे भाग ओतीत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगरांच्या कारखान्याचा जो पाया घातला, त्या दक्षिण महाराष्ट्रातील ओतकामाच्या परंपरेचाच हा विस्तार होय. या ओतशाळांतही गुळव्याचा एक भाऊबंद भट्टीपाशी उभा असतो, आणि त्याला सारे जण मेस्त्री म्हणतात. परंतु त्याच्यापुढचा रस १४०० अंशांचा असतो. त्यात बोट घालण्याची सोय नाही, आणि नुसत्या रंगावरून अदमास बांधावा तर डोळा दगा देतो, कारण जो धातुरस भर दुपारच्या उन्हात फिकट नारिंगी भासतो तोच रात्रपाळीच्या काळोखात डोळे दिपविणारा पांढरा दिसतो. म्हणून मेस्त्रीने आपला विश्वास यंत्रावर टाकला, आणि तसा तो टाकण्यावाचून गत्यंतरही नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे की, गुळव्याच्या बोटांची जी परीक्षा रोज होते ती या यंत्राची होत नाही; आणि जोवर ती होत नाही, तोवर भट्टीवरील आकडा ही एका साक्षीदाराची जबानी आहे, तिला निकालाचा मान देणे घातक आहे.

उच्च तापमान मोजणे ही गोष्ट मुळातच दुर्घट आहे. इंग्लंडातील विख्यात कुंभार जोसाया वेजवुड याने १७८२ साली रॉयल सोसायटीपुढे आपला भट्टीमापक मांडला तेव्हा त्याने मातीच्या छोट्या गोळ्या भाजून त्या किती आकसतात यावरून उष्णतेचा हिशेब केला. कल्पना मोठी चतुर होती, आणि आपल्या भट्ट्या एकसारख्या तापविण्यापुरती ती त्याला उपयोगीही पडली, परंतु त्या गोळ्यांनी लोखंडाच्या वितळबिंदूसाठी जो आकडा दिला तो वास्तवाच्या कितीतरी पट अधिक होता. दोन भिन्न धातूंच्या तारा दोन टोकांशी जोडून एक टोक तापविले असता त्यांत विद्युत्‌परिणाम उत्पन्न होतो, हे झेबेक याला १८२१ साली बर्लिन येथे आढळले होते. पण त्या शोधाचा भट्टीसाठी विश्वसनीय वापर व्हायला पुढे सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला. १८८६ च्या सुमारास फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए याने शुद्ध प्लॅटिनमची एक तार आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या मिश्रधातूची दुसरी तार घेऊन असा युग्मक सिद्ध केला की, त्याचे वंशज आजही आपल्या ओतशाळांत धातुरसात बुडविले जातात. पुठ्ठ्याच्या नळीच्या टोकाशी, काचेसारख्या क्वार्ट्‌झच्या बारीक वळणात, ही प्लॅटिनमची तार बसविलेली असते; मेस्त्री ती रसात बुडवितो, चार-सहा सेकंदांत मीटरवर आकडा स्थिर होतो, आणि ते टोक जळून जाते. या युग्मकात, म्हणजे थर्मोकपलमध्ये, १४०० अंशांवर उत्पन्न होणारा विद्युतदाब सुमारे १४.४ सहस्रांश व्होल्ट इतका सूक्ष्म असतो, आणि एका अंशाचा फरक म्हणजे एका व्होल्टचे सुमारे बारा दशलक्षांश! एवढ्या नाजूक आवाजातली साक्ष गोंगाटाच्या, धुराच्या आणि धक्काबुक्कीच्या जागी आपण ऐकत असतो.

ही साक्ष किती अवघड, याचा एक बोधप्रद दाखला सोन्याचा आहे. सोने किती तापमानाला वितळते याचा अधिकृत आकडा १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान-श्रेणीत १०६३ अंश होता. १९६८ च्या श्रेणीत तो १०६४.४३ झाला; आणि १ जानेवारी १९९० पासून अमलात आलेल्या श्रेणीत तो १०६४.१८ असा ठरला. सोने या साठ-सत्तर वर्षांत तसूभरही बदलले नाही. जगातील अव्वल प्रयोगशाळांनी आपल्याच आकड्यावर पुनःपुन्हा संशय घेतला, दोनदा आपली चूक कबूल केली आणि ती दप्तरात दुरुस्त केली. ज्यांच्यापाशी सर्वोत्तम उपकरणे होती त्यांनी जर इतकी नम्रता बाळगली, तर ज्या कारखान्यातला थर्मोकपल गेली दीड वर्षे त्याच नळीत भाजून निघत आहे त्या कारखान्याने आपल्या मीटरवरच्या आकड्याकडे किती सावधपणे पाहावे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

आता कोणी विचारील की, पाच-पन्नास अंश इकडे किंवा तिकडे झाले तर एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. करड्या बिडाचा रस साच्यात ओतताना, कामाच्या जाडीप्रमाणे, साधारणतः १३५० ते १४२० अंशांच्या दरम्यान असावा लागतो. तो थंड असला तर पातळ भागात पोचण्यापूर्वीच गोठतो, किंवा दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकमेकांस भेटूनही एकजीव होत नाहीत, आणि कारखान्याच्या भाषेत ‘कोल्ड शट’ म्हणून ते काम रिजेक्शनच्या ढिगात जाते. तो फाजील तापला तर साच्यातील वाळू कामाला चिकटते, गोठताना धातू अधिक आकसतो व पोकळ्या राहतात, भट्टीचे सिलिकाचे अस्तर झिजते, आणि त्या अस्तराशी संयोग पावून रसातील कार्बन घटतो व सिलिकॉन वाढते. म्हणजे रसायनशाळेने मंजूर केलेला रस ओतण्याच्या वेळी दुसराच झालेला असतो. चिवट बिडात तर मॅग्नेशियम मिसळावे लागते, आणि मॅग्नेशियम हा धातू सुमारे १०९० अंशांवरच उकळून जाणारा असल्यामुळे रस जितका अधिक तापलेला तितका तो अधिक वाया जातो.

परंतु याहून मोठे नुकसान निराळेच आहे, आणि ते कोणत्याही रिजेक्शनच्या नोंदवहीत लिहिले जात नाही. आकड्यावर भरवसा नसला म्हणजे शहाणा मेस्त्री स्वतःच्या सुरक्षिततेसाठी काही अंश वर ठेवतो. थंड ओतल्याचा ठपका येण्यापेक्षा पन्नास अंश अधिक तापविलेले बरे, असा त्याचा साधा हिशेब असतो, आणि त्यास मी दोष देणार नाही. मात्र हे पन्नास अंश फुकट मिळत नाहीत. एक टन वितळलेले लोखंड आणखी पन्नास अंशांनी तापवायचे तर नुसत्या धातूलाच सुमारे बारा युनिट वीज लागते, आणि भट्टीतील नासाडी धरली तर ती पंधरा-सोळांच्या घरात जाते. रोज दहा टन रस काढणाऱ्या एका मध्यम ओतशाळेने वर्षातील तीनशे दिवस हा भीतीचा अधिभार सोसला, तर पंचेचाळीस हजार युनिटांहून अधिक वीज एका अविश्वासापायी खर्ची पडते. ती वीज कारखान्याच्या बिलात असते, औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशात असते, आणि भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगावर येणाऱ्या झळेतही असते.

येथवर मी जे लिहिले ते पुस्तकात सापडते. पुढची गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे, आणि या विषयावर लेखणी उचलण्याचे खरे कारण तीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात माझे जाणे होत असे. तेथे मोटारीच्या गिअरना ९३० अंशांवर कार्बनयुक्त वायूत ठेवून वरचा थर कठीण करण्याचे काम चालत असे. काही महिन्यांपासून गिअरचा कठीण थर नकाशात नमूद केलेल्या मर्यादेबाहेर जाडा येऊ लागला होता, ग्राहकाच्या तक्रारी वाढल्या होत्या आणि दोन लॉट परत आले होते. वायू तपासला गेला, पोलाद बदलून पाहिले, तेल बदलले, पाळीवरच्या पोरांना बोलणी बसली. पण तापमानावर कोणाचा संशय गेला नाही, कारण मीटर रात्रंदिवस ९३० दाखवीत होता. मी भीत भीत तो विषय काढला तेव्हा तेथल्या वयस्क मेस्त्रींनी मला शांतपणे सांगितले, “आवो साहेब, मीटर कशाला खोटं बोलंल? त्याला काय पगारवाढ पायजे?” तरीही मालकांनी खातरजमेसाठी तो थर्मोकपल काढून एका प्रयोगशाळेत धाडला. आठवड्याने रीतसर शिक्क्यानिशी प्रमाणपत्र आले, आणि त्यात थर्मोकपल मर्यादेच्या आत बरोबर असल्याचा निर्वाळा होता. तो पुन्हा भट्टीत बसविला गेला. पुढचा लॉटही बिघडला.

शेवटी एका दुपारी आम्ही त्याच भट्टीत, त्याच नळीशेजारी, अगदी नवा थर्मोकपल उतरविला. जुना ९३० सांगत होता, नवा ९५१. त्या एकवीस अंशांकडे मेस्त्री बराच वेळ पाहत राहिले. पोलादात कार्बन झिरपण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. या टापूत वीस अंश अधिक म्हणजे तेवढ्याच तासांत सुमारे दहा-बारा टक्के अधिक जाड थर, आणि तक्रारीतील माप नेमके तेवढेच होते. भट्टी निरोगी होती, पोरे निर्दोष होती, पोलादही चांगले होते. थकलेला साक्षीदार कमी तापमान सांगत होता, त्याचे ऐकून नियंत्रक भट्टी अधिक पेटवीत होता, आणि मीटरवर सारे काही यथास्थित दिसत होते.

मग प्रयोगशाळेने खोटे प्रमाणपत्र दिले होते काय? मुळीच नाही, आणि या प्रकरणाचा सारा बोध याच ठिकाणी आहे. बहुतेकांची समजूत अशी असते की, थर्मोकपलच्या दोन तारा जेथे जोडलेल्या असतात त्या टोकाशी वीज उत्पन्न होते. वस्तुतः ती उत्पन्न होते तारेच्या त्या भागात, जेथे एका बाजूला उष्ण आणि दुसऱ्या बाजूला थंड असा उतार पडलेला असतो, म्हणजे भट्टीच्या भिंतीतून तार बाहेर येते त्या वीतभर अंतरात. सर्वांत अधिक प्रचारात असलेल्या क्रोमेल-अल्युमेल जातीच्या, म्हणजे के-टाइपच्या, थर्मोकपलमधील क्रोमियम ८०० ते १०५० अंशांच्या टापूत व अपुऱ्या प्राणवायूच्या वातावरणात निवडून जळत जाते. तारेवर हिरवट पुटे चढतात, म्हणून कारागीर त्याला ‘ग्रीन रॉट’ म्हणतात, आणि तार कमी आकडा सांगू लागते. प्रयोगशाळेत तोच थर्मोकपल अधिक खोलवर बुडविला गेला; त्यामुळे तारेचा जळका भाग एकसारख्या उष्णतेत गेला, जेथे तो काहीच बोलत नाही, आणि उतार पडला तो आजवर भट्टीबाहेर राहिलेल्या धडधाकट तारेवर. साक्षीदाराला परगावी नेऊन विचारले तेव्हा त्याच्या वतीने दुसराच कोणीतरी बोलला, आणि तो खरे बोलला. म्हणून वापरलेल्या थर्मोकपलची खरी परीक्षा त्याच्याच जागी, त्याच खोलीवर, त्याच भट्टीत, शेजारी विश्वासू सोबती उभा करूनच झाली पाहिजे. हा नियम तापमापनाच्या अभ्यासकांना बहुत काळापासून माहीत आहे. दुर्दैवाने तो आमच्या औद्योगिक वसाहतींच्या फाटकातून अद्याप नीट आत आलेला नाही.

दुसऱ्याही काही वाटांनी ही साक्ष बिघडते, त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. थर्मोकपलपासून मीटरपर्यंत जाणारी केबल त्याच जातीची असावी लागते. घाईच्या दुरुस्तीत कोणी मध्ये साधी तांब्याची तार जोडली, तर जोडापाशी व मीटरपाशी तापमानात जितका फरक असेल तितकी चूक मुकाट्याने आकड्यात शिरते, आणि मे महिन्यात भट्टीलगतचा जोड व थंड खोलीतील मीटर यांत तीस-चाळीस अंशांचे अंतर पडणे ही काही अपूर्व गोष्ट नाही. नळी बदलताना थर्मोकपल चार बोटे कमी आत गेला तर तो भट्टीऐवजी भिंतीचे तापमान सांगतो. आणि हल्ली हाती आलेली जी पिस्तुलासारखी इन्फ्रारेड उपकरणे, ती तर सर्वांत गोड भाषेत फसवितात. कारण तप्त पृष्ठातून निघणारे प्रारण मोजून ती तापमान काढतात, आणि ते पृष्ठ प्रारण किती मोकळ्या हाताने देते हे त्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. स्वच्छ चकाकणारा धातू कंजूष असतो, त्यावरची मळी व ऑक्साइडची साय उदार असते. १४०० अंशांच्या रसावर या उदारतेचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला, तर एक मायक्रॉनच्या आसपासच्या आखूड लहरी मोजणाऱ्या उपकरणात सुमारे वीस अंशांची चूक होते. परंतु दहा मायक्रॉनच्या आसपासच्या लांब लहरी मोजणाऱ्या स्वस्त उपकरणात तीच चूक शंभर अंशांच्या पलीकडे जाते. उपकरण निवडताना किंमत विचारणारे पुष्कळ भेटतात. ते कोणत्या लहरीवर मोजते हे विचारणारा क्वचितच भेटतो.

हे सारे कारखान्यातील किरकोळ तपशील आहेत असे ज्यांना वाटत असेल, त्यांना मी बर्लिनकडे पाहावयास सांगेन. १८८७ साली तेथे जी राष्ट्रीय मापनसंस्था स्थापन झाली तिची पाळेमुळे जर्मन उद्योगाच्या गरजांत होती. दिव्यांच्या प्रकाशाचे आणि तप्त पदार्थांच्या प्रारणाचे विश्वसनीय प्रमाण ठरविण्यासाठी लुमर, प्रिंग्सहाइम, रुबेन्स, कुर्लबाउम या संशोधकांनी तापविलेल्या पोकळीतून निघणारे प्रारण इतक्या काटेकोरपणे मोजले की, तोवरची सूत्रे त्या आकड्यांशी जुळेनात. त्या आकड्यांचा मान राखण्यासाठी माक्स प्लांक यांना १९०० साली ऊर्जेचे तुकडे कल्पावे लागले, आणि त्यातून आधुनिक भौतिकशास्त्राचा दरवाजा उघडला. प्लांकच्या प्रारणसूत्राची नवी सिद्धता १९२४ साली ढाक्याहून आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी दिली. मोजणाऱ्यांनी सूत्र आणि आकडे यांतला फरक ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिला असता तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक अभियंत्याने एकदा तरी करावा.

आपल्या देशाला या विद्येचे वावडे होते असेही नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९४७ मध्ये, पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. तिचे पहिले संचालक के. एस. कृष्णन यांनी तर विजेने तापविलेल्या तारांत व नळ्यांत तापमान कसे वाटले जाते याच प्रश्नावर आपल्या उत्तरायुष्यातील कितीतरी श्रम वेचले. देशातील तापमानाचे प्रमाण आज त्याच संस्थेत जतन केले जाते. तेथून मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे, आणि त्यांच्याकडून कारखान्याच्या उपकरणांकडे, अशी ही साखळी येते. मोटार उद्योगातील सीक्यूआय-९ आणि विमान उद्योगातील एएमएस २७५० या नियमावल्यांनी भट्टीच्या तापमापनासाठी स्पष्ट बंधने घातली आहेत, आणि मोठे कारखाने ती पाळतातही. तुटलेली आहे ती शेवटची कडी: प्रमाणपत्राच्या फाइलपासून प्रत्यक्ष भट्टीच्या भोकापर्यंतची. लेखापरीक्षक फाइल पाहतो, ग्राहक फाइल मागतो, म्हणून कारखानदार फाइल जोपासतो. आणि नळीतला थर्मोकपल एकटाच जळत राहतो.

किराणा दुकानातील किलोच्या वजनावर सरकारी मोहोर असावी लागते आणि ठरावीक मुदतीत त्याची फेरतपासणी करून घ्यावी लागते, यात गैर काही नाही. तेथे गिऱ्हाईकाचे हित गुंतलेले असते. पण ज्या ब्रेकच्या ड्रमवर, ज्या स्टिअरिंगच्या सांध्यावर, बसमधील पन्नास माणसांचा जीव अवलंबून असतो, तो ज्या भट्टीत घडला तिच्या मापाची मोहोर कोण पाहतो? मी येथे नवा कायदा मागत नाही. निरीक्षकांची आणखी एक पलटण वसाहतीत धाडून हा प्रश्न सुटेल असे मला मुळीच वाटत नाही. माझ्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंना पैशापेक्षा सवयीची गरज अधिक आहे.

पहिली सूचना अशी की, प्रत्येक थर्मोकपलचे एक खाते असावे. तो कोणत्या तारखेस बसविला, किती इंच आत गेला, किती तास तापला आणि केव्हा निवृत्त झाला, हे एका वहीत लिहिलेले असावे. आणि त्याचे आयुष्य तो तुटेपर्यंत मोजण्याऐवजी, अनुभवाने ठरविलेल्या तासांनंतर, तो धडधाकट दिसत असतानाच, त्याला रजा द्यावी. दुसरी सूचना अशी की, भट्टी बांधताना अगर दुरुस्त करताना नेहमीच्या नळीशेजारी एक रिकामे भोक ठेवावे, आणि ठरावीक वारी त्यातून तपासणीचा थर्मोकपल उतरवून दोहोंतील फरक लिहून ठेवावा. याच उंचीच्या तापमानासाठी ऑस्ट्रेलियातील नोएल बर्ली यांच्या संशोधनातून पुढे आलेला एन-टाइप थर्मोकपल के-टाइपपेक्षा पुष्कळ अधिक काळ इमान राखतो; तो कोठे वापरावा याचा विचार खरेदीखात्यावर न सोपविता भट्टीपाशी व्हावा.

तिसरी सूचना वसाहतींच्या संघटनांसाठी आहे. प्लॅटिनमचा एक उत्तम प्रमाण-थर्मोकपल, एक अचूक मीटर आणि ते वापरण्याची विद्या असलेला एक माणूस, एवढा सरंजाम एकट्या छोट्या ओतशाळेस परवडत नाही. परंतु पन्नास ओतशाळांनी मिळून ठेवला तर एकेकीच्या वाट्याला येणारा खर्च वाचलेल्या विजेतून सहज भरून निघेल. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या समूह-विकासासाठी केंद्र सरकारच्या योजनेत सामायिक सुविधा-केंद्राची तरतूद आहेच. तिच्यातून इमारती आणि अवजड यंत्रे उभी राहतात, तशी दारोदार जाऊन भट्टीतच तपासणी करणारी एक गाडीही उभी राहू शकेल. चौथी सूचना शिक्षणाची: आपल्या आयटीआय व पदविका संस्थांतून पोरांना मीटर वाचावयास शिकविले जाते, त्यावर शंका कशी घ्यावी, हेही शिकविले जावे. तारेच्या कोणत्या भागात वीज उपजते हे ज्या मुलाने दहा मिनिटे मेणबत्तीच्या ज्योतीवर प्रत्यक्ष पाहिले, तो जन्मभर ते विसरणार नाही.

यावर जुन्या कारखानदारांचा एक आक्षेप मला ऐकू येतो: “आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे डोळ्यांनी भट्टी चालविली, तेव्हा कोठे होती तुमची ही वही?” या आक्षेपाचा मी आदर करतो, कारण ते वडील खरोखर मोठे कारागीर होते. पण त्यांचा डोळा रोज कसाला लागत होता. ओतलेले काम फोडून ते आतला कण पाहत, आपला अंदाज चुकला की स्वतःशी कबूल करीत आणि दुसऱ्या दिवशी डोळा सुधारीत. आपण त्यांचा डोळा काढून टाकला आणि त्या जागी मीटर बसविला, हे ठीकच झाले. परंतु त्यांची ती रोजची कबुली मात्र आपण मीटरसोबत घेतली नाही. आज परत आणावयाची आहे ती तीच.

ज्या कारखान्याची कथा वर सांगितली तेथे मी अलीकडे पुन्हा गेलो होतो. भट्टीच्या झाकणात जुन्या नळीशेजारी आता दुसरे एक भोक आहे, आणि त्याला साखळीने बांधलेला लोखंडी गुडदा आहे. त्या एकवीस अंशांच्या दुपारनंतर मेस्त्रींनी स्वतःच हा पायंडा पाडला. दर सोमवारी पहिल्या पाळीस ते गुडदा काढतात, तपासणीचा थर्मोकपल उतरवितात, वीस मिनिटे थांबतात आणि तेलकट पुठ्ठ्याच्या वहीत आपल्या ठसठशीत देवनागरी अंकांत तारीख व फरक लिहितात. मी ती वही चाळून पाहिली. उणे दोन, उणे तीन, उणे तीन, उणे पाच, आणि त्यापुढे लाल शाईत ‘बदलला’ असा एका शब्दाचा शेरा. मग पुन्हा उणे एकपासून आरंभ. साऱ्या वहीत शून्य मला दोनच ठिकाणी आढळले, आणि दोन्ही ठिकाणी मेस्त्रींनी शेजारी लिहिले होते: ‘परत बघितले’.